कोट बाहेर ठेवणारा वकील

बिराजदार वकील जेलात शिरताना पहिलं काम काय करायचे, तर अंगातला काळा कोट काढायचे. काढून, झटकून, घडी घालून माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकायचे आणि म्हणायचे, "माने, लक्ष ठेवा ओ. तुमच्याकडं चोर लई हायेत." हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला की पुढं पुढं ते कोटाची बटणं सोडायला लागले की मीच म्हणायचो, "चोर लई हायेत, साहेब." मग मात्र त्यांना राग यायचा. आपला विनोद दुसऱ्यानं केलेला त्यांना खपायचा नाही.

मी जेलचा हवालदार. माझी बरीचशी नोकरी दरवाजावर गेली. येणाऱ्याची झडती घ्यायची, मोबाईल काढून ठेवायचा, सही घ्यायची आणि मोठ्या दरवाजातला तो लहान दरवाजा उघडून त्याला वाकून आत सोडायचं. तिथं उभा राहून मी वकील पुष्कळ पाहिले. बाकीचे कोट हातावर टाकून यायचे आणि आत शिरताना अंगात चढवायचे. बिराजदारांचं सगळं उलटं. एकदा मी विचारलंच, "साहेब, असं का?"

"कोट बघितला की माणूस हात जोडतो," ते म्हणाले. "हात जोडलेला माणूस खरं बोलत न्हाई. नुसतं साहेब, साहेब करतो."

दिसायला काही खास नव्हते. बुटके, पोट थोडं पुढं, कपाळावर विभूती, आणि आवाज असा की मुलाखतीच्या खोलीत बोलले तर मला दरवाजावर ऐकू यावं. लोहाऱ्याकडचे. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. आधी तिकडंच वाटण्या-बांधाचे दावे चालवायचे. मग सरकारनं लोक अभिरक्षक म्हणून नेमणुका काढल्या तेव्हा अर्ज करून जिल्ह्याला आले. लोक अभिरक्षक म्हणजे ज्याच्याकडं वकील लावायची ऐपत नाही त्याला सरकारनं दिलेला वकील. लोकांना सरकारी वकील म्हटलं की आरोपीला शिक्षा मागणारा तेवढाच ठाऊक. हे त्याच्या समोरच्या बाजूला उभं राहणारे, पगार मात्र सरकारचाच.

"सरकारच पकडतंय, सरकारच कोंडतंय," ते मला म्हणायचे, "आणि सरकारच मला पगार देऊन सांगतंय, जा, ह्याला सोडव. असला धंदा बघितलाव का कुठं?"

कैद्यांचा त्यांच्यावर सुरुवातीला काडीचा विश्वास नव्हता. फुकट मिळालेला वकील म्हणजे सरकारनं पाठवलेला माणूस, आपल्या तोंडून काढून घ्यायला आलाय, अशी आतली समजूत. त्यात हे पहिलाच प्रश्न असा विचारायचे की समोरच्याची दातखीळ बसावी. "केलं का न्हाई केलं? एवढंच सांग." मी कुठल्या वकिलाला हा प्रश्न विचारताना ऐकलेलं नाही. वकील विचारतात साक्षीदार कोण, पंच कोण, मुद्देमाल कुठं सापडला. केलं का नाही हे ते मुद्दाम विचारत नाहीत. बिराजदार तेच आधी विचारायचे, आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचे. ज्यानं "केलं" म्हटलं त्याला झापायचे, मग त्याच्या शिक्षेत काय कमी होईल ते बघायचे. ज्यानं "न्हाई केलं" म्हटलं त्याच्यासाठी मात्र हा माणूस पेटून उठायचा. गंमत अशी की त्यांच्याशी खोटं बोलणारे मी फार थोडे पाहिले.

नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. गावं राहायची. "ए येरमाळा, इकडं ये. तुळजापूर, तू मागं थांब." एकदा दोन कळंबवाले एकदम पुढं आले तर म्हणाले, "धाकला कळंब कोण?" आतले कैदी हसायचे. जेलात माणसाला नंबर असतो नाहीतर शिवी असते. गावाच्या नावानं हाक मारली की माणसाचा चेहरा जरा बदलायचा, हे मी बघितलंय.

आणि शेंगदाणे. भाजलेले शेंगदाणे कायम खिशात. बाहेरची खायची वस्तू आत न्यायची नाही असा नियम, म्हणून मी झडतीत ते काढून घ्यायचो, आणि दर वेळी भांडण ठरलेलं. "शेंगदाण्यानं कोण पळून गेलंय का आजपतूर, माने?" मी म्हणायचो, "नियम हाय, साहेब." "नियम काढणाऱ्याला दात नसतील," असं म्हणून ते मूठभर माझ्या हातावर ठेवायचे आणि उरलेले तोंडात कोंबून तसेच आत जायचे. आत पाच मिनिटं काही बोलता यायचं नाही.

एकदा सीमेपलीकडचा एक म्हातारा आमच्याकडं आला. बसमध्ये कुणाची तरी पिशवी उचलली म्हणून धरलेला. तो कुणाशी बोलेना, विचारलं तर नुसता बघायचा. डॉक्टर म्हणाले डोक्यावर परिणाम झालाय. बिराजदार त्याच्यासमोर जाऊन बसले, जरा वेळ त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ऊटा आतेनप्पा?" म्हणजे, जेवण झालं का बाबा. तो म्हातारा ढसाढसा रडायला लागला. इतके दिवस आत होता, आणि त्याला समजेल असं कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. त्याला फक्त कानडी येत होतं. बिराजदार बाहेर येऊन माझ्यावरच डाफरले, "अरे, निम्मा उमरगा कानडी बोलतो! एकानं तरी बोलून बघायचं की!" मला कानडी येत नाही, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

आता मला ज्याच्याविषयी सांगायचंय त्यासाठी जेलातली अदालत काय असते ते कळायला पाहिजे. अधूनमधून एखाद्या शनिवारी न्यायाधीशसाहेब स्वतः जेलात येतात. लहानसहान गुन्ह्यातले, खटला न चाललेले कैदी एकेक करून त्यांच्यापुढं उभे करतात. साहेब विचारतात, गुन्हा कबूल आहे का. कबूल म्हटलं की आत काढली तेवढीच शिक्षा पुरे असं लिहून संध्याकाळी दरवाजा उघडतो. नाही म्हटलं की परत बराकीत, आणि पुढची तारीख. त्यामुळं होतं असं की ज्यानं केलं तो कबूल म्हणून घरी जातो आणि ज्यानं नाही केलं तो आत राहतो. म्हणून ज्यांनी नाही केलं तेही कबूल म्हणतात. आतले जुने लोक नव्यांना शिकवूनच ठेवतात. आम्ही दरवाजावरचे लोक हे इतक्या वेळा बघतो की आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालेलं असतं. बिराजदारांना वाटायचं.

त्यांच्या पहिल्याच अदालतीत त्यांनी गोंधळ घातला. शेळ्या चोरल्याच्या आरोपातला एक गडी साहेबांपुढं उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "कबूल हाय." लगेच बिराजदार उठले. "साहेब, हा खोटं बोलायलाय! ह्यानं शेळ्या चोरलेल्या न्हाईत." न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, आरोपी कबूल करतोय आणि त्याचा वकील त्याला खोटं ठरवतोय?" सगळे हसले. तो गडीसुद्धा हसला. पण साहेबांनी कबुली घेतली नाही. आणि बिराजदारांचं नशीब असं की महिनाभरात तो खटला चालला, शेळ्यांचा मालकच म्हणाला की मी ह्याला ओळखत नाही, आणि गडी निर्दोष सुटला. पेढे घेऊन दरवाजावर आला. बिराजदारांनी एक पेढा माझ्या तोंडात घातला. "बघितलंव, माने? मान खाली घालून गेला असता. आता गावात वर करून जाईल."

तो पेढाच वाईट ठरला असं मला आता वाटतं. कारण त्यानंतर बिराजदारांना खात्रीच झाली की आपण म्हणतो तसंच होतं.

भागवत आमच्याकडं दसऱ्याच्या आसपास आला. तेरखेड्याजवळच्या वस्तीवरचा, माळावरच्या पवनचक्क्यांवर वॉचमन. त्या चक्क्यांतली तांब्याची केबल चोरीला गेली. चोर सापडले नाहीत, वॉचमन सापडला. आतून फूस दिल्याशिवाय केबल जाईलच कशी, असं कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, आणि पोलिसांना तेवढं बास झालं. चोर फरार म्हणून आधी त्याला जामीनच मिळेना. मिळाला तर जामीनदार मिळेना. गावात ज्यांच्याकडं जमीन, त्यांनी ती कंपनीला भाड्यानं दिलेली, त्यांना कंपनीशी वाकडं घ्यायचं नव्हतं. ज्यांच्याकडं जमीन नाही त्यांचा जामीन कोर्ट घेत नाही. जामीनदाराशिवाय सोडा असा अर्ज बिराजदारांनी दिला, तर त्याची सुनावणी व्हायच्या आत न्यायाधीशांची बदली झाली. खुर्ची रिकामी, कारभार शेजारच्या कोर्टाकडं, आणि शेजारचं कोर्ट पुढच्या तारखेपलीकडं काही देईना.

भागवतला घरी एक आईच होती. गयाबाई. तेरखेड्यात फटाक्याच्या कामाला जायची, आयुष्यभर तेच केलं. नखं कायमची करडी झालेली, आणि ती मुलाखतीला आली की दारूचा, म्हणजे फटाक्याच्या दारूचा, वास यायचा. आमचे लोक थट्टा करायचे, "मावशी, जेल उडवायला आलीस काय?" ती म्हणायची, "उडवलं असतं रं, पर माझं लेकरू आत हाय." जाळीला तोंड लावून लेकाला एकच विचारायची, "कधी येतूस?" हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. दरवाजापासून जाळीपर्यंत येताना दोनदा टेकायची. मी तिला माझी खुर्ची द्यायचो. एकदा त्या खुर्चीवर बिराजदारांचा कोट होता, तर ती त्याला न टेकता कडेला बसून राहिली.

संक्रांतीनंतर अदालत ठरली. भागवतचं नाव यादीत होतं. आदल्या दिवशी बिराजदार आले, कोट खुर्चीवर टाकला, आत गेले. मुलाखतीच्या खोलीत मीच ड्युटीला होतो.

"तेरखेडा, केलं का न्हाई केलं?"

"न्हाई केलं, साहेब. तुमाला पयल्या दिशीच सांगितलंय."

"मग उद्या काय म्हणायलास?"

भागवत खाली बघत म्हणाला, "कबूल म्हणतो. माय लई बेजार हाय. कबूल म्हटलं की सांजच्याला सोडत्यात म्हणं."

"सोडतात की. चोर म्हणून सोडतात." बिराजदार पुढं सरकले. "आन् मग? माळावर कुठंबी केबल गेली की पोलिस पयलं तुझं दार वाजवणार. आज एका गुन्ह्यात हायस, उद्या धा गुन्ह्यांत घालतील. वॉचमन म्हणून कोण ठेवून घेणार तुला? सालगडी म्हणून तरी कोण ठेवंल? तुझ्याविरुद्ध हाय काय, एक सुपरवायझर. त्याला मी एका तारखंत गप करतो. जरा दम धर."

"किती, साहेब?"

"उन्हाळ्याच्या आत तू घरी."

त्यांचं बोलणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. एकूण एक शब्द खरा होता. एकदा शिक्का बसला की पोलिस काय करतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तीच ती माणसं पुन्हा पुन्हा आमच्या दरवाज्यातून वाकून आत येतात.

बाहेर गयाबाई बसली होती. बिराजदार तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "साहेब, त्याला चोर म्हना, दरोडेखोर म्हना. पर माज्या लेकराला घरी धाडा."

"मावशी, तुमचा पोरगा मान वर करून येईल. माझा शब्द हाय."

"मान घिऊन काय करू म्या? त्याला आनून द्या."

बिराजदार हसले. लाडानं हसावं तसं. ते हसणं मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी अदालत भरली. कबूल, कबूल, कबूल. भागवतचं नाव आलं. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. भागवतनं बिराजदारांकडं पाहिलं. बिराजदारांनी मान हलवली. "न्हाई, साहेब," भागवत म्हणाला. संध्याकाळी मी दरवाजा उघडून कबूलवाल्यांना एकेक करून बाहेर सोडत होतो, आणि तो आतल्या गजाला धरून बघत होता.

आता ह्यापुढं जे झालं ते सांगताना माझं डोकं तापतं. कुणी मुद्दाम काही केलं नाही, आणि त्यानंच जास्त संताप येतो. सुपरवायझरची परराज्यात बदली झाली. समन्स जायचं आणि परत यायचं. नवीन न्यायाधीश आले तर भागवतला कोर्टात न्यायला पोलिस पार्टी नसायची. पार्टी असली तर साक्षीदार नसायचा. पडद्यावरून हजर करायचं तर आवाज यायचा आणि चित्र थांबायचं, चित्र यायचं आणि आवाज जायचा. बिराजदार खेटे घालत राहिले. भांडले, ओरडले, वरच्या कोर्टात अर्ज दिला, तिथंही रांगच होती. जेलात आले की भागवत विचारायचा, "काय झालं, साहेब?" आणि ते म्हणायचे, "पुढच्या तारखंला, तेरखेडा. पक्कं." आधी मोठ्यानं म्हणायचे. मग आवाज खाली यायला लागला. उन्हाळा लागला. गयाबाई यायची बंद झाली.

येरमाळ्याच्या यात्रेला चैत्री पौर्णिमेला निम्मा जिल्हा लोटतो. त्याच दिवशी सकाळी वस्तीवरून फोन आला, गयाबाई गेली. बिराजदारांना कुणी कळवलं ठाऊक नाही, पण दुपारच्या आत ते स्कूटरवरून आले, हातात कोर्टाची परवानगी. आईच्या मातीला आरोपीला बंदोबस्तात न्यावं, असं लिहून आणलं होतं. कसं मिळवलं देव जाणे, सुट्टीचा दिवस होता. शर्ट पाठीला चिकटलेला. "माने, तयार करा त्याला!"

बंदोबस्तात न्यायचं तर पोलिस पाहिजेत. आणि पोलिस सगळे येरमाळ्याला. बिराजदार माझ्याच खुर्चीत बसून फोन लावत राहिले. "दोन माणसं द्या ओ. दोनच. आई मेली त्याची. न्हाई, पळून जात न्हाई, माझी जबाबदारी." दुसरा फोन. "गाडी नको, मी गाडी करतो, नुसती माणसं द्या." तिसरा. आमच्या जेलरसाहेबांनाही वाईट वाटत होतं, पण पार्टीशिवाय कैदी बाहेर सोडला तर त्यांची नोकरी जाणार. शेवटी एकानं फोनवर सांगितलं ते मलाही ऐकू आलं, इतका तो ओरडत होता. "वकीलसाहेब, इथं लाख माणूस हाय, आन् तुम्ही मला एका मयताचं काय सांगायलाव!"

भागवतला आम्ही धुतलेले कपडे घालून दरवाजाच्या आत बसवून ठेवलं होतं. तो तसाच बसून राहिला. चैत्राचं ऊन, मयत किती वेळ ठेवणार? उन्हं उतरली तेव्हा वस्तीवरून फोन आला की झालं.

बिराजदार उठून आत गेले. मीही मागं गेलो. भागवतनं त्यांच्या तोंडाकडं बघूनच ओळखलं.

"माती झाली, साहेब?"

"व्हय."

"अग्नी कुणी दिला?"

"चुलत्याच्या पोरानं."

"बरं केलं," भागवत म्हणाला, आणि उठून बराकीकडं चालायला लागला. बिराजदार तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि ते माझ्यापुढं रडायचं नाही म्हणून ओठ चावत होते. मी म्हटलं, "साहेब, तुमचं काय चुकलं?" ते माझ्या अंगावरच आले. "तिनं मला सांगितलं होतं, माने! तोंडावर सांगितलं होतं! मीच शहाणा."

दिवाळीच्या तोंडावर निकाल लागला. तेरखेड्यात तेव्हा कामाची धांदल असते. सुपरवायझर शेवटी आलाच नाही, पंचांनी हात वर केले, आणि भागवत सुटला. संध्याकाळी बिराजदार दरवाजावर आले. मी त्यांचं अभिनंदन केलं तर म्हणाले, "कशाचं? संशयाचा फायदा देऊन सोडलाय."

"म्हंजे?"

"म्हंजे कोर्ट म्हणतंय, ह्यानं केलंबी असंल, पण दाखवता आलं न्हाई. मी त्याला कोरा करून देतो म्हटलं होतं." मग म्हणाले, "त्या शनिवारी कबूल म्हटला असता तर तिच्या हातचं खाल्लं तरी असतं."

भागवत वाकून बाहेर आला. वर्षभरात खांदे उतरलेले, दाढी पिकलेली. बाहेर कुणी नव्हतं. त्यानं बिराजदारांना पाहिलं आणि त्यांच्या पायाला हात लावायला वाकला. बिराजदार असे मागं सरले की दरवाजावर आपटले. "नको, नको रे," एवढंच म्हणाले. भागवतनं मग मला नमस्कार केला आणि विचारलं, "तेरखेड्याची यस्टी कुठून मिळंल?" त्याला पोलिसगाडीतून आणलेलं, त्याला स्टँड कुठं ठाऊक असणार? मी रस्ता दाखवला. तो दोन पावलं गेला, थांबला आणि म्हणाला, "जाऊन करायचं तरी काय, पर जायला तर लागंलच." हे त्यानं कुणाला उद्देशून म्हटलं ते मला कळलं नाही. बिराजदारांनी ऐकलं होतं.

त्यानंतर त्यांच्या खिशात शेंगदाणे सापडायचे बंद झाले. मी सवयीनं खिसे चाचपायचो, रिकामे. चोरांचा विनोद नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "चोर लई हायेत, साहेब." त्यांनी ऐकलंच नाही. आत जायचे, नावं घेऊन हाका मारायचे, यादीतली नावं बघून. गावाच्या नावानं कुणाला बोलावलं नाही. आणि तो प्रश्नही विचारेनासे झाले. साक्षीदार कोण, पंच कोण, मुद्देमाल कुठं सापडला. बाकीच्या वकिलांसारखंच.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते पुढच्या अदालतीला. त्या दिवशी ते आले, मोबाईल दिला, सही केली आणि माझ्या खुर्चीकडं न बघता तसेच दरवाज्यातून वाकले. कोट अंगात. मी म्हटलं, "साहेब, कोट." ते म्हणाले, "राहू द्या."

अदालतीआधी कैदी रांगेत बसलेले. बिराजदार प्रत्येकापुढं थांबून दोन शब्द बोलत पुढं सरकत होते. लोक हात जोडत होते. एक कोवळा गडी होता, विहिरीवरची मोटार चोरल्याच्या आरोपातला. तो लोहाऱ्याचा निघाला, त्यांच्याच गावाकडचा. त्यानंही हात जोडले, पण वर म्हणाला, "वकीलसाहेब, म्या केलं न्हाई."

"मी इचारलं का तुला?"

"न्हाई इचारलं. पर लोक म्हणत्यात तुमी इचारताव. म्हणून सांगितलं. खरंच म्या केलं न्हाई, साहेब. काय म्हणू मग तिथं?"

बिराजदार पुढं निघाले होते, ते मागं वळले. मी बाजूलाच होतो. मला वाटलं, आता हा माणूस पेटणार. आता आवाज चढणार आणि मला हायसं वाटणार.

"माय हाय का घरी?" त्यांनी विचारलं.

"हाय की. भाईर झाडाखाली बसलीय."

"मग कबूल म्हण."

"पर साहेब, म्या तर..."

"कबूल म्हण, लेकरा."

तो पुढं गेला आणि कबूल म्हणाला. न्यायाधीशसाहेबांनी सवयीनं बिराजदारांकडं एकदा पाहिलं, उठतात की काय म्हणून. ते उठले नाहीत.

संध्याकाळी मी दरवाजा उघडला. पोरगा बाहेर आला तशी त्याची आई झाडाखालून पळत आली, त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कानशिलावर बोटं मोडली, आणि रडतारडता त्याच्या पाठीत एक धपाटाही घातला. तिनं बिराजदारांना बघून लांबूनच पदर पसरला. "लई उपकार झालं, साहेब!" दोघं स्टँडच्या बाजूला निघाले. पोरगं काहीतरी सांगत होतं आणि ती हसत होती. बिराजदार स्कूटरजवळ उभे राहून त्यांच्याकडं बघत होते. काम संपलं तरी कोट अंगातच.

"माने," ते म्हणाले, "त्यानं केलं नव्हतं."

मी म्हटलं, "म्हायतंय, साहेब. पर घरी तर गेला. माय तर भेटली."

"व्हय," ते म्हणाले. "आता केलंय त्यानं."

आणि त्यांनी स्कूटर चालू केली.